तारकीचे शमखाल नक्की आले कुठून? (कास्पियनकाठच्या एका कुमिक राज्याची गोष्ट)

रानवाटा

नमस्कार मंडळी. मी मूळचा जुन्नरचा, त्यामुळे अफनासी निकितिन हे नाव लहानपणापासून कानावर आहे. रशियातल्या त्वेरचा हा व्यापारी १५व्या शतकात चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला आला, पावसाळा आमच्याकडे काढला आणि जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला, मुसलमान हो तर परत देतो म्हणाला, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पण मध्यंतरी त्याचं प्रवासवर्णन पुन्हा वाचायला घेतलं आणि भारतात पोचायच्या कितीतरी आधीच्या एका ओळीपाशी अडकलो ते अजून तिथंच आहे.

ओळ अशी की आस्त्राखानहून दोन जहाजं कास्पियन समुद्रात निघाली, वादळ झालं, लहान जहाज तारखी नावाच्या गढीजवळ किनाऱ्यावर आपटून फुटलं आणि कायताक नावाच्या शेजारच्या राज्यातल्या लोकांनी येऊन त्यातली माणसं धरून नेली. निकितिन दुसऱ्या जहाजात होता म्हणून वाचला.

ही तारखी म्हणजे तारकी. आज दागेस्तानची राजधानी मखाचकला आहे ना, तिच्या डोक्यावर तारकी-ताऊ नावाचा एकटाच उभा डोंगर आहे, त्याच्या उतारावरचं गाव. एका बाजूला कॉकेशसचे डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये सपाट जमिनीची चिंचोळी पट्टी. उत्तरेच्या गवताळ प्रदेशातून दरबंद या दक्षिणेच्या किनारी शहरामार्गे इराणकडे जायचं तर याच पट्टीतून जावं लागतं, त्यामुळे फौजा, रेशमाचे व्यापारी, गुलामांचे तांडे, वकील, सगळे तारकीच्या डोळ्यांसमोरून जायचे. आणि या तारकीवर पुढे जे राज्य झालं ते कुमिक लोकांचं, राजाचं टायटल शमखाल. म्हणून रशियन कागदांत 'तारकीची शमखालशाही'. १६४२ साली स्थापन झाली आणि १८६७ मध्ये संपली.

आता माझा खरा विषय. हे शमखाल आले कुठून? जिथं बघावं तिथं पहिलं उत्तर एकच मिळतं की ते अरब आहेत. ८व्या शतकात उमय्या घराण्याचा सेनापती मसलमा याने दरबंद घेतलं, मग डोंगरात शिरून कुमुख गाव जिंकलं आणि तिथं शाहबाल नावाचा आपला माणूस बसवला, शाम म्हणजे सीरियातून आलेला म्हणून तो शामखाल आणि त्याचे वंशज ते शमखाल. 'तारीख दागेस्तान' म्हणून जुनी बखर आहे तिच्यात तर थेट पैगंबरांचे चुलते हम्झा आणि अब्बास यांच्याशी नातं जोडलंय. १९व्या शतकात बाकूच्या खानांच्या घराण्यातल्या बाकीखानोव्हने फारसीत इतिहास लिहिला (१८४१ ला पुरा झाला), त्यानेही हीच परंपरा धरली, तिथून ती रशियन पुस्तकांत गेली आणि आता इंटरनेटवर सगळीकडे हेच.

मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते सविस्तर लिहितो.

एक म्हणजे मसूदी. १०व्या शतकातला अरबच लेखक, कॉकेशसबद्दल इतकं बारकाईने दुसऱ्या कोणी त्या काळात क्वचितच लिहिलंय. तो 'गुमिक' नावाच्या लोकांबद्दल सांगतो, हे म्हणजे कुमुखचेच लोक, आणि काय सांगतो तर हे लोक ख्रिस्ती आहेत, त्यांना राजा नाही, त्यांचे मुखिये आहेत आणि शेजारच्या अलानांशी त्यांचं बरं आहे. बघा हां, मसलमाने ज्या गावात मुसलमान राजा बसवला म्हणतात त्याच गावात दोनशे वर्षांनी मुसलमान नाहीत आणि राजाही नाही! खलिफाच्या सेनापतीने खरंच तिथं राजघराणं बसवलं असतं तर अरबी लेखकांनी ते मिरवलं असतं. सुरुवातीच्या अरब विजयांचे जे इतिहास आहेत त्यांत दागेस्तानच्या राजांची टायटलं येतात, पण शमखाल हा शब्दच नाही.

मग तो शब्द येतो कधी? तैमूरच्या वेळी. १३९५ मध्ये तेरेक नदीवर गोल्डन होर्डच्या (मंगोलांच्या पश्चिमेकडच्या राज्याच्या) तोख्तामिश खानाला हरवल्यावर तैमूर दागेस्तानात शिरला आणि उश्कुजा नावाच्या गावाला वेढा घातला (बहुतेक जण आजचं अकुशा मानतात). त्याच्या इतिहासकारांनी लिहिलंय की उश्कुजाच्या मदतीला गाझी-कुमुखचा (म्हणजे कुमुखचाच) 'शौकल' आला. शौकल, शमखाल नव्हे! तैमूरने त्यांना हरवलं आणि त्यांच्या सरदारांना बोलावून विचारलं की तुम्ही तर काफिरांशी लढणारे गाझी, मग आता त्यांच्याच मदतीला कसे धावलात. म्हणजे मसूदी ते तैमूर या साडेचारशे वर्षांत कुमुखचे लोक मुसलमान झाले, गाझी म्हणवून घ्यायला लागले आणि त्यांना एक राजा मिळाला ज्याचं टायटल शौकल होतं. या साडेचारशे वर्षांच्या मध्येच १२४० साली मंगोलांनी कुमुख घेतलं, ही गोष्ट लक्षात ठेवा.

रशियन कागदपत्रांतही पुढची कितीतरी वर्षं 'शेवकाल' असंच येतं. बार्तोल्द या मोठ्या रशियन अभ्यासकाने हेच सांगितलं की जुनं रूप शौकल, नंतर 'शाम'शी जुळवून घ्यायला त्याचं शमखाल केलं गेलं. म्हणजे शाममधून शमखाल निघाला नाही, शमखालमधून शाम काढला. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा एवढाच आहे की वंशावळ राज्यापेक्षा वयाने लहान आहे, राज्य आधी उभं राहिलं आणि त्याला पूर्वज नंतर सापडले.

पण मग शौकल कुठून आला? तुर्की-मंगोल उगमाची थिअरी मानणारे म्हणतात की गोल्डन होर्डने म्हणजे मंगोलांच्या पश्चिमेकडच्या खानांनी कुमुखमध्ये आपला माणूस ठेवला असणार. काळ जुळतो, लेखी पुरावा मात्र नाही. तुम्हाला काय वाटतं ते वाचायला आवडेल.

पिंपळपान

काय सुंदर धागा काढलाय! निकितिनचं घोड्याचं प्रकरण माहीत होतं, हे तारकीचं कधी लक्षातच आलं नव्हतं. एक शंका. कुमुख आणि कुमिक एकच का? वाचताना सारखा गोंधळ होतोय.

रानवाटा

@पिंपळपान, गोंधळ होणारच, तिथल्या लोकांमध्येही यावरून वाद आहेत. कुमुख हे वर डोंगरातलं गाव, तिथले लोक लाक, त्यांची भाषा तुर्की नाही, दागेस्तानच्या डोंगरी भाषांच्या वेगळ्याच कुळातली. कुमिक हे खाली मैदानातले आणि पायथ्याचे लोक, त्यांची भाषा तुर्की, किपचाक गटातली, म्हणजे कझाक आणि तातार भाषांच्या नात्यातली. नावं सारखी, भाषा अजिबात नाही. दागेस्तानात दर दोन डोंगरांमागे भाषा बदलते, तेव्हा अवार, लाक, चेचेन एकमेकांशी बाजारात बोलायचे ते कुमिकमध्ये, अगदी २०व्या शतकापर्यंत.

शमखाल आधी कुमुखला होते, त्यांच्या कबरी आजही तिथं आहेत, आणि मग खाली तारकीला आले. त्यामुळे लाक म्हणतात शमखाल आमचे, कुमिक म्हणतात आमचे. दोघांकडेही सांगण्यासारखं आहे.

टेहळणी

लेख आवडला पण एका ठिकाणी अडलो. "१६४२ साली स्थापन झाली" हे विकीवर असतं तसं लिहिलंय तुम्ही आणि ते दिशाभूल करतं. १६४० च्या आसपास झालं ते एवढंच की कुमुखच्या लोकांनी शमखालांपासून फारकत घेतली आणि आपला वेगळा कारभार सुरू केला. त्यामुळे सुरखाय शमखालकडे खालचा भाग तेवढा उरला. हे म्हणजे थोरल्या वाड्यातून भाऊ वेगळा निघाला त्या दिवशी आपलं घर बांधलं असं म्हणण्यासारखं आहे. तारकीत शमखाल त्याच्या कितीतरी आधीपासून होते.

पुरावा म्हणून रशियन स्वाऱ्याच बघा ना. १५६० मध्ये इव्हान द टेरिबलचा सरदार चेरेमिसिनोव्ह समुद्रातून आला तो शेवकालवर आला आणि लुटलं तारकी. पुढे १५८८ ला रशियनांनी तेरेकच्या मुखाशी ठाणं बांधलं. मग १५९४ मध्ये ख्वोरोस्तिनिन हा रशियन सरदार. यात गंमत म्हणजे बोलावणारा होता काखेतीचा जॉर्जियन राजा अलेक्झांडर, त्याचं म्हणणं की मी दुसऱ्या बाजूने फौज आणतो, शमखालला काढू आणि माझ्या सोयऱ्याला गादीवर बसवू. रशियनांनी तारकी घेतलं, जॉर्जियन फौज आलीच नाही, शेवटी अन्नपाण्यावाचून रात्रीचं निघावं लागलं आणि वाटेत खूप माणसं गेली.

तिसरी १६०४-०५ ची, ती सगळ्यात भयंकर. बोरिस गोदुनोव्हने बुतुर्लिन आणि प्लेश्चेयेव्ह यांना पाठवलं, तारकी परत घेतलं, दगडी किल्ला बांधायला लागले. हिवाळा तसाच काढला. मग वसंतात कुमिक, डोंगरी लोक आणि तुर्कांची कुमक असा वेढा पडला. सुखरूप जाऊ देतो असा करार झाला, ओलीस म्हणून शमखालचा मुलगा दिला, आणि करमझिन हा रशियन इतिहासकार लिहितो की तो मुलगा खरा नव्हताच, फाशीची शिक्षा झालेला कुणी कैदी शमखालपुत्र म्हणून उभा केला होता. रशियन फौज बाहेर पडून करामान मैदानावर पोचली तेव्हा तिला गाठून कापून काढलं. बुतुर्लिन आणि त्याचा मुलगा दोघे तिथंच पडले. ६-७ हजार माणूस गेलं असं करमझिन म्हणतो. त्यानंतर शंभरावर वर्षं रशियन फौज तारकीकडे फिरकली नाही.

तर ज्या राज्याने १६०५ मध्ये हे केलं ते १६४२ मध्ये "स्थापन" कसं होईल?

रानवाटा

@टेहळणी, तुमचं बरोबर आहे, १६४२ हा स्थापनेचा नव्हे, वाटणीचा आकडा आहे. मी तो तसाच उचलून लिहिला ही माझी चूक. दुरुस्ती मान्य, मूळ लेखात बदल करत नाही म्हणजे तुमचा प्रतिसाद लोकांना नीट कळेल.

आणि वाटणीचा विषय निघालाच आहे तर खरी मोठी वाटणी त्याच्याही आधीची आहे. १६व्या शतकाच्या उत्तरार्धात चोपान शमखाल म्हणून होता. त्याच्या मुलांनी वाटे करून घेतले: एल्दारने बुयनाक आणि तारकी घेतलं, मुहम्मदने काझानिश, आंदियाने काफिर-कुमुख, गिरेने गेली. हे सगळे वरच्या दर्जाच्या बायकांचे. पाचवा सुलतान-मुत, त्याची आई काबार्दी (कॉकेशसमधलेच दुसरे लोक) सरदाराची मुलगी, म्हणजे घराणं चांगलंच पण शमखालांच्या बरोबरीचं नाही. अशा मुलाला तिकडे 'चांका' म्हणतात. चांकाला गादी नाही आणि भावांनी वाटाही दिला नाही. तर हा पठ्ठ्या उठला, आजोळच्या काबार्दी लोकांची मदत घेतली, सुलाक नदीपलीकडे गेला आणि एन्दिरेयला आपलं वेगळं राज्य उभं केलं. आणि टेहळणींनी सांगितलेल्या करामानच्या लढाईत सगळ्यात पुढे होता तो हाच! ज्याला घरात वाटा नाकारला त्यानेच घर वाचवलं. मला या सगळ्या इतिहासात सुलतान-मुतइतकं जवळचं कोणी वाटत नाही.

शब्दवेल्हाळ

शौकलवरून आठवलं. निकितिन त्वेरचा ना? त्वेरमध्ये १३२७ साली मोठा उठाव झाला होता, तिथं आलेल्या होर्डच्या वकिलाला लोकांनी जाळून मारलं. उझबेक खानाचा भाऊबंद होता तो, नाव चोल-खान, आणि रशियन बखरींत त्याचं नाव येतं 'शेवकाल' किंवा 'श्चेल्कान'. हुबेहूब तेच रूप जे नंतर तारकीच्या राजासाठी वापरतात. यावरून काही जणांनी शौकल हे मंगोल नाव किंवा टायटल असल्याचं सुचवलंय. मला यात तथ्य वाटतं.

रानवाटा

@शब्दवेल्हाळ, माझंही मन तिकडेच ओढतं पण हात आखडतो. रशियन लेखनिकांना परकं नाव ऐकू आलं की ते ओळखीच्या साच्यात बसवायचे, एकदा शेवकाल हा साचा तयार झाला की कॉकेशसमधला शौकलही त्यातच बसवला असेल. नुसत्या आवाजावरून घराणं जोडायला लागलो तर शामवाल्यांनी केलं तेच आपण करतोय. कागद नाही तोवर मी एवढंच म्हणेन की शौकल मंगोल काळातल्या बदलातून वर आला. टायटल कोणी दिलं ते उघडं राहू दे.

टेहळणी

+१. आणि कागद नसला तरी व्यवस्थेकडे बघा की. गादी थोरल्या मुलाला जात नाही, घराण्यात वयाने सगळ्यात मोठा असेल त्याच्याकडे जाते. वारस बुयनाकला बसतो, त्याला 'क्रिम-शमखाल' म्हणतात. काही जण हा शब्द तुर्की 'यारिम' म्हणजे अर्धा यावरून आला म्हणतात, म्हणजे अर्धा शमखाल. शमखाल वारला की हा पुढे सरकतो. काका, पुतण्या, भाऊ, सगळ्यांना घराण्यात पाळी. ही चाल तुर्की-मंगोल गवताळ प्रदेशातली ओळखीची आहे.

ओलेआरियस म्हणून जर्मन प्रवासी १६३८ मध्ये इराणहून परतताना तारकीला थांबला होता. तो सांगतो की शमखाल निवडायचा असला की घराण्यातले सगळे मिर्झा म्हणजे राजपुत्र गोल करून उभे राहतात आणि धर्मगुरू मध्ये सोन्याचं सफरचंद फेकतो, ज्याला लागेल तो शमखाल. पुढे तोच म्हणतो की फेकणाऱ्याला कोणावर फेकायचं ते पक्कं माहीत असतं.

मीनाताई

सगळं वाचतेय, पण सगळे राजे आणि फौजाच चालल्यात. माणसं कशी जगायची तिथं? राज्य चालत कशावर होतं, पैसा कुठून यायचा?

रानवाटा

मीनाताई, हे विचारलंत म्हणून बरं झालं, कारण शमखाल डोंगरातून खाली का उतरले याचं उत्तर यातच आहे असं मला वाटतं.

डोंगरातल्या माणसाकडे मेंढरं भरपूर आणि हिवाळा कडक. थंडीत कळप खाली मैदानात आणल्याशिवाय गत्यंतर नाही आणि मैदान शमखालच्या ताब्यात. म्हणजे डोंगरातला कितीही शूर गडी असो, हिवाळ्यात त्याची मेंढरं शमखालच्या कुरणात, मग चराईचं देणं आलं, शब्द ऐकणं आलं. शिवाय धान्य खाली पिकतं, वर कमी पडतं. मीठ तारकीजवळच्या तुराली सरोवरांचं. रस्त्यावरचा टोल वेगळा. डोंगरात बसून लढता येतं पण राज्य पोसता येत नाही, ते पोसलं जायचं या पट्टीवर. म्हणून मी म्हणेन की कुमुख सुटलं तरी शमखाल टिकले आणि पट्टी हातची गेली तेव्हाच संपले.

माणसांची उतरंड अशी: वर शमखाल आणि त्याच्या घराण्यातले बी किंवा बेक. मग चांका, ज्यांच्याबद्दल वर लिहिलं. मग उझदेन म्हणजे स्वतंत्र, हत्यार बाळगणारे, त्यांच्यातले वरचे ते साला-उझदेन. त्याखाली चागार, बेकांच्या जमिनीला बांधलेले, त्यांना देणं आणि वेठ. सगळ्यात खाली कूल, गुलाम. आणखी एक चाल होती, सरदाराचं पोर तान्हं असतानाच दुसऱ्या घरी वाढवायला द्यायचे, त्या पालक बापाला अतालिक म्हणायचे, आणि एकाच आईचं दूध प्यालेल्यांचं नातं सख्ख्या भावांसारखं. शत्रुत्व मिटवायला, दोस्ती बांधायला याचा वापर व्हायचा.

एका माणसाची गोष्ट सांगतो. यिर्ची कझाक, १८३०च्या सुमारास शमखालच्या मुलखातच जन्मला, कुमिकमधला सगळ्यात मोठा कवी मानतात. अबू-मुस्लिम शमखालच्या दरबारात गायचा. त्याचा मित्र अताबाय शमखालच्या घरातल्या रायहानत नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला, कझाकने दोघांना पळून जायला मदत केली, पकडले गेले आणि शमखालने दोघा मित्रांना सैबेरियाला धाडायला लावलं. तिथून त्याने रचलेली गाणी आजही कुमिक लोकांना पाठ असतात. दरबारचा गवई असला तरी शमखालपुढे त्याची किंमत किती ते यात दिसतं.

मीनाताई

धन्यवाद. चांका, चागार, कूल हे वाचून जरा वेळ गप्प बसले. त्या मुलीचं पुढे काय झालं असेल?

रेशीमगाठ

इतका वेळ नुसती वाचत होते, आता राहवत नाही म्हणून लिहिते. माझ्या वाचनात नादिरशाह आहे आणि तारकीचं नाव तिथं येतं. १७३४ मध्ये त्याने दागेस्तानात मोहीम केली तेव्हा खासबुलात नावाच्या माणसाला शमखाल केलं. म्हणजे दिल्ली लुटायच्या पाच वर्षं आधी. पुढे १७३८ मध्ये त्याचा भाऊ इब्राहिमखान दागेस्तानच्याच बाजूच्या लोकांनी मारला, तेव्हा नादिरशाह भारताच्या वाटेवर होता. १७३९ ला दिल्लीचं जे केलं ते केलं, इकडे पेशव्यांच्या पत्रांतही त्याचा धसका दिसतो, आणि परत जाऊन भावाचा सूड म्हणून १७४१ मध्ये दागेस्तानवर चालून गेला. तिथल्या अंदालाल भागात डोंगरी लोकांनी असा चोपला की तो दरारा परत आला नाही. शहाला वेड लागलं की तो दागेस्तानवर जातो अशी इराणी म्हण सांगतात.

माझा प्रश्न असा की खासबुलातला शमखाल "केलं" म्हणजे त्याआधी कोणी नव्हतं का?

टेहळणी

नव्हतं! मध्ये गादीच रद्द झाली होती. पीटर द ग्रेट १७२२ च्या ऑगस्टमध्ये इराणच्या मोहिमेवर निघाला तेव्हा एन्दिरेयवाले लढले, उतामिशचा सुलतान लढला, आणि तारकीचा आदिल-गिरे शमखाल मात्र स्वतः सामोरा गेला, पाहुणचार केला. पीटर त्याच्या घरी जाऊन आला. शमखालच्या घरच्या बायका झारच्या छावणीत राणी कॅथरीनला भेटायला गेल्या. सगळं गोडीगुलाबीने. पण मग रशियनांनी सुलाकवर होली क्रॉस नावाचा किल्ला बांधला, तोही शमखालच्या दारातच. १७२५ मध्ये आदिल-गिरे त्या किल्ल्यावर चालून गेला, घेता आला नाही, उलट रशियनांनी येऊन तारकी जाळलं. १७२६ ला तो शरण आला आणि त्याला पार उत्तरेला कोलाला नेऊन टाकलं, १७३२ मध्ये तिथंच मेला. कास्पियनकाठचा माणूस ध्रुवाजवळच्या बर्फात. शमखाल हे पदच रशियनांनी काढून टाकलं.

खासबुलात हा त्याचाच मुलगा. १७३५ मध्ये गांजा नावाच्या शहरात झालेल्या तहाने रशियनांनी तो मुलूख सोडला, होली क्रॉसही पाडून टाकला आणि तेरेकवर किझल्यार वसवलं. तोवर नादिरशाहने गादी परत उभी केली होती.

पुढचं मी थोडक्यात सांगतो कारण मला त्यात फार रस नाही. १८व्या शतकाच्या शेवटी शमखाल पुन्हा रशियाच्या बाजूला, १८१३ च्या गुलिस्तान तहात इराणने दागेस्तानवरचा हक्क सोडला, १८२१ ला रशियन सेनापती येर्मोलोव्हने तारकीच्या वर बुर्नाया किल्ला बांधला. १८३१ मध्ये रशियाविरुद्ध उठलेल्या डोंगरी लोकांच्या इमाम गाझी-मुहम्मदने त्याला वेढा घातला. शमखाल नाव राहिलं, हातात काही नाही. १८६७ मध्ये शेवटचा शमखाल शम्सुद्दीन याने सत्ता सोडली आणि त्याचा मुलूख रशियन जिल्हा झाला.

पिंपळपान

बापरे. आणि आज तारकीत काय आहे? कुमिक लोक आहेत अजून?

रानवाटा

@पिंपळपान, आहेत, रशियात आज कुमिक पाच लाखांच्या वर आहेत आणि तारकी गाव मखाचकला शहराचा भाग झालंय. मखाचकला हे नाव १९२१ चं, त्याआधी ते पेत्रोव्स्क, पीटरच्या छावणीची आठवण म्हणून. खाली शहर वाढत गेलं, वर जुनी राजधानी एक उपनगर झाली.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४४ च्या एप्रिलमध्ये स्टालिनच्या राजवटीत तारकीचं अख्खं गाव आणि शेजारच्या वस्त्या उचलून खासाव्यूर्तकडे नेल्या. का? तर त्याच वर्षी चेचेन लोकांना मध्य आशियात हद्दपार केलं होतं, त्यांची गावं रिकामी पडली होती, ती भरायला माणसं पाहिजे होती. घरं सोडून परक्यांच्या घरात राहायला लावलं. १९५७ नंतर लोक परत येऊ शकले. तैमूर, बुतुर्लिन, पीटर, नादिरशाह इतके येऊन गेले, पण गाव मुळापासून रिकामं केलं ते एका सरकारी हुकमाने.

चौलकर

उशिरा आलो धाग्यावर. आमच्या रेवदंड्याला निकितिनचं स्मारक आहे, येता-जाता दिसतं. मला पहिल्या लेखातली गोष्ट अजून टोचतेय. जहाज तारकीजवळ फुटलं आणि माणसं कायताकांनी नेली. शमखालने का नाही नेली, किंवा का नाही सोडवली? त्याचीच जागा ना ती?

रानवाटा

@चौलकर, याच ओळीपाशी मी अडकलो होतो, आणि हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून वाट बघत होतो!

कायताक हे तारकीच्या दक्षिणेचं, दरबंदच्या बाजूचं वेगळं राज्य. निकितिन लिहितो की दरबंदला पोचल्यावर रशियन वकिलाला सांगून शिरवान या दक्षिणेच्या शेजारी राज्याच्या शहाकडे विनंती गेली. शिरवानशहाने कायताकच्या राजाला, खलील-बेकला, निरोप पाठवला की तारखीजवळ माझ्याकडे येणारं जहाज फुटलं, तुझ्या लोकांनी माणसं धरली, माल घेतला, ती माणसं सोड. खलील-बेक त्याचा मेव्हणा होता. त्याने लगेच सगळ्यांना दरबंदला सोडून दिलं. या सबंध पत्रव्यवहारात शमखाल कुठंच नाही. कोणाला त्याची परवानगी लागली नाही, कोणी त्याच्याकडे तक्रार केली नाही.

माझा अर्थ असा की १४६०-७० च्या दशकात तारकीचा किनारा शमखालच्या पक्क्या हातात आलाच नव्हता. तो तेव्हा वर कुमुखलाच असणार. १५६० मध्ये चेरेमिसिनोव्ह येतो तेव्हा मात्र तारकी म्हटलं की शेवकाल. म्हणजे डोंगरातून खाली उतरणं या शंभरएक वर्षांतलं, आणि तारकीच्या राज्याचा उगम शोधायचा तर मसलमाच्या ८व्या शतकात जायला नको, १६४२ लाही नको, या शंभर वर्षांत शोधायला पाहिजे. टेहळणी, तुमचं यावर मत सांगा.

टेहळणी

एकाच प्रवाशाच्या दोन ओळींवर एवढा भार नको असं म्हणणार होतो, पण दुसऱ्या बाजूला ठेवायला माझ्याकडे काही नाही. बघतो, शिरवानच्या बाजूने काही मिळतं का.

चौलकर

आणि सुटलेली माणसं? ती कुठं गेली?

रानवाटा

ते निकितिनने लिहिलंय. सगळे मिळून शिरवानशहाकडे गेले आणि घरी जायला काहीतरी द्या म्हणाले, आम्ही खूप जण आहोत म्हणून त्याने काहीच दिलं नाही. मग रडले आणि पांगले. ज्याचं रशियात काही होतं तो रशियाला गेला, ज्याच्यावर कर्ज होतं तो वाट फुटेल तिकडे. काही शिरवानच्याच शेमाखा शहरात राहिले, काही बाकूला कामाला गेले. निकितिन दरबंदला गेला, तिथून बाकूला, मग समुद्र ओलांडून इराण, होर्मुझ, आणि शेवटी तुमच्या चौलला.